दोन्ही नको, एकच शहर

फ्लोरेन्स की व्हेनिस, असं कुठल्याही मराठी माणसाला विचारून बघा. तो इटलीला जाऊन आलेला असो किंवा फक्त रील्स बघितलेला असो, उत्तर एकच येतं : "दोन्ही."

मी गेले तीन महिने हा प्रश्न विचारतोय. पुण्यातल्या ऑफिसात विचारला, कॉलेजच्या ग्रुपवर विचारला, घरी फोनवर विचारला. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावाहून काकांचं उत्तर तर वाक्य पूर्ण व्हायच्या आत आलं. "एवढ्या दूर चालला तं दोन्ही पाहून ये ना बे. पुन्हा कोन जाते?" ऑफिसातल्या टीम लीडने तेच शुद्ध पुणेरीत सांगितलं आणि वर एक एक्सेल शीट पाठवली. तिच्यात सात दिवसांत रोम, पिसा, फ्लोरेन्स, व्हेनिस आणि मिलान होतं. प्रत्येक ओळीला वेळ होती. एका ओळीत 'डेव्हिड : 40 मिनिटं' असं लिहिलेलं.

या 'दोन्ही'च्या विरोधात मला लिहायचंय. माझ्या मते तो सल्ला प्रवासाचा नसून उरकण्याचा आहे. आणि एखादी जागा अशी उरकली की त्या जागेचं काय होतं, हे यवतमाळ जिल्ह्यातल्या माणसाला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

आधी 'दोन्ही'वाल्यांची बाजू नीट मांडतो, कारण ती पोकळ नाही. 'पुन्हा कोण जातंय' या वाक्यामागे खरी भीती आहे. जर्मनीतल्या माणसाला व्हेनिस शुक्रवारी संध्याकाळी सुचतं आणि शनिवारी सकाळी तो तिथे असतो. आपल्याला शेंगेन व्हिसा लागतो. त्याची फी 90 युरो, वर 30,000 युरोंचं कव्हर असलेला विमा, बँकेचं स्टेटमेंट, कंपनीचं रजेचं पत्र, रोज रात्री कुठे झोपणार त्याचं बुकिंग. एवढं करून व्हिसा मिळेलच असं नाही. ज्या घरात पासपोर्ट काढणारा मी पहिला, त्या घरात 'पुढच्या वेळी बघू' या शब्दांना वजन नसतं. म्हणून काकांचा सल्ला मी हसण्यावारी नेत नाही.

पण त्याच भीतीतून मी उलट्या उत्तरावर पोचतो. संधी एकदाच असेल, तर ती अर्धी अर्धी करून दोन ठिकाणी का वाटायची?

हिशेब करू. पाच दिवसांची रजा, मागेपुढे शनिवार-रविवार, म्हणजे नऊ दिवस. जाण्यायेण्यात दोन गेले, उरले सात. फ्लोरेन्स ते व्हेनिस वेगवान रेल्वेने साधारण सव्वादोन तास लागतात, आणि 'दोन्ही'वाल्यांचा सगळा युक्तिवाद या सव्वादोन तासांवर उभा असतो. आता खरी बेरीज बघा. सकाळी दहा-अकराला रूम सोडायची, नवी रूम दुपारी दोन-तीनला मिळणार. मधल्या वेळात बॅग तुमच्यासोबत. व्हेनिसला स्टेशनच्या बाहेर पडलं की समोर कालवा, आणि त्यापुढे पायऱ्यांचे पूल. तिथे गाडी नाही, रिक्षा नाही, चाकाची बॅग उचलूनच न्यायची. सव्वादोन तासांच्या प्रवासाने एक अख्खा दिवस खाल्ला. सातातले सहा उरले, प्रत्येक शहराला तीन.

कॉम्प्युटरमध्ये याला कॉन्टेक्स्ट स्विचिंग म्हणतात. प्रोसेसर एक काम थांबवून दुसरं हातात घेतो, तेव्हा पहिल्याची स्थिती नोंदवून ठेवायला आणि दुसऱ्याची आणायला वेळ जातो. त्या वेळात कुठलंच काम पुढे सरकत नाही. वरवर बघणाऱ्याला मात्र वाटतं, मशीन केवढी कामं एकदम करतंय! फार वेळा स्विच केलं की मशीन दिवसभर फक्त बदलत राहतं.

हे मी काकांना सांगितलं तर त्यांनी शेतातला दाखला काढला. म्हणाले, "आपन कपाशीत तूर लावतोच ना? एकाच वावरात दोन पिकं." दाखला चांगला आहे, म्हणूनच त्याचं उत्तर द्यायला हवं. कपाशीत तुरीची ओळ चालते, कारण दोघींची भूक वेगळी आहे. तुरीचं मूळ खोल जातं, ती सुरुवातीला सावकाश वाढते आणि कपाशीची वेचणी सुरू झाली की मग भरते. एकीने दुसरीचं फारसं खाल्लेलं नसतं. फ्लोरेन्स आणि व्हेनिस एकाच गोष्टीवर जगतात, तुमच्या वेळेवर. एकाला दिलेला तास दुसऱ्याकडून काढूनच द्यावा लागतो. हे मिश्र पीक नाही. एका रोपाच्या खताच्या जोरावर दोन रोपं जगवायचा हा प्रकार आहे.

शेताचाच दाखला हवा असेल तर दरवर्षी जूनमध्ये आमच्याकडे जो प्रश्न पडतो तो घ्या. कापूस की सोयाबीन? सोयाबीन ऑक्टोबरपर्यंत निघतं, वावर मोकळं होतं, ओल असेल तर हरभरा घेता येतो. कापूस जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत वावर अडवून ठेवतो, मजुरी जास्त, बोंडअळीची धास्ती वेगळी, पण भाव लागला तर तोच वर्ष काढून देतो. पाच एकरांच्या शेतकऱ्याला कुठल्या वावरात काय, हे एकदा ठरवावंच लागतं. ठरवलं की जे पेरलं नाही त्याचा भाव वर्षभर बघत बसायचं. निवड म्हणजे काहीतरी सोडणं, हे आमच्या घरात कुणाला शिकवावं लागलं नाही. मग सुट्टीच्या बाबतीतच आम्ही काहीही न सोडण्याचा हट्ट का धरतो?

आता मुद्द्यावर येतो. अर्ध्या दिवसात बघितलेल्या जागेचं काय होतं? तिचं एक चित्र होतं. व्हेनिस म्हणजे गोंडोला, पिसा म्हणजे मनोऱ्याला हात लावून काढलेला फोटो, फ्लोरेन्स म्हणजे डेव्हिड. आणि यवतमाळ म्हणजे?

तुमच्या डोक्यात आत्ता जे आलं, तेच. मी पुण्यात पहिल्यांदा रूम शोधत होतो तेव्हा मालकीणबाईंनी गाव विचारलं. यवतमाळ म्हटल्याबरोबर त्यांचा चेहरा पडला आणि त्या म्हणाल्या, "अरेरे." मी अजून भाडं किती तेही विचारलं नव्हतं. जुलै 2006 मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि सहा जिल्ह्यांसाठी 3750 कोटींचं पॅकेज जाहीर झालं. आमचा जिल्हा त्या सहांत होता. तेव्हा मी शाळेत होतो. त्या काळापासून आमच्याकडे येणाऱ्यांचा एक ठरलेला मार्ग आहे. सकाळी नागपूरहून निघायचं, एका विधवेच्या घरी जायचं, भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोचा फोटो घ्यायचा, संध्याकाळी परत. 2017 मध्ये कीटकनाशकांच्या विषबाधेने जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, तेव्हाही गाड्या तशाच आल्या आणि तशाच गेल्या.

त्यांनी लिहिलेलं खोटं नव्हतं. मरणं खरी होती, कर्ज खरं होतं, आणि ते छापून यायलाच हवं होतं. पण सोळा तालुक्यांचा जिल्हा अर्ध्या दिवसात बघणाऱ्याला एवढंच दिसणार. टिपेश्वरच्या जंगलातला वाघ त्याला दिसणार नाही, कळंबला जमिनीच्या पातळीखाली उतरून बघायचा चिंतामणी दिसणार नाही, वणीची कोळशाने काळवंडलेली हवा आणि पुसदकडचे डोंगर यांतला फरक दिसणार नाही. दारव्ह्याच्या बसस्टँडवर सकाळी हसणारी माणसं तर नाहीच नाही. तो निघून गेला तरी त्याने काढलेलं चित्र मागे राहतं, आणि आम्ही ते बोटाला लागलेल्या शाईसारखं जन्मभर वागवतो.

ज्याच्या गावाला लोकांनी असं उरकलं, त्याने दुसऱ्याचं गाव उरकायला जाऊ नये. 'दोन्ही'वरचा माझा खरा राग इथून येतो.

व्हेनिसच्या लोकांना हे वेगळ्या भाषेत कळलेलं आहे. 1950च्या सुमाराला त्या जुन्या बेटांवर पावणेदोन लाखांच्या आसपास लोक राहत. 2022 मध्ये तो आकडा 50 हजारांच्या खाली गेला. घरं पर्यटकांसाठी भाड्याने गेली आणि राहणारे बाहेर गेले. 2024 पासून या शहराने वर्षातल्या ठरावीक दिवशी प्रवेश-शुल्क सुरू केलं, तेव्हा सुरुवात 5 युरोंपासून झाली. ते कोणाकडून घेतात हे बघण्यासारखं आहे. रात्री मुक्कामाला थांबणाऱ्याला ते माफ आहे. सकाळी येऊन संध्याकाळी जाणाऱ्याला भरावं लागतं. म्हणजे उरकायला येणाऱ्या माणसावर एका शहराने सरळ कर बसवलाय. त्याने गर्दी कमी झाली का, हा वाद वेगळा. रोख मात्र बरोबर माणसावर आहे.

आता दुसरी तोफ. 'दोन्ही'वाल्यांच्या शेजारी आणखी एक गट उभा असतो. तो म्हणतो, एकही कशाला? "तुझ्या जिल्ह्यात ही परिस्थिती आणि तू इटलीला?" हे मला गावातल्या कुणी विचारलं नाही. गावातल्यांनी विचारलं ते तिथे थंडी किती असते आणि जेवायला काय मिळतं. परिस्थितीची आठवण करून देणारे सगळे शहरातले होते. माझ्या शेजारच्या डेस्कवरचा मुलगा कोथरूडचा आहे. तो दरवर्षी बाहेर जातो. त्याला कुणी पुण्याच्या झोपडपट्ट्यांचा हिशेब मागत नाही. यवतमाळच्या मुलाने मात्र सुट्टीच्या अर्जासोबत जिल्ह्याचं दुःखही जोडायचं!

या मागणीचा इतिहास जुना आहे. आमच्याकडे रेल्वे आली ती कापसासाठी. यवतमाळ ते मूर्तिजापूर, 113 किलोमीटरची नॅरोगेज, जिला सगळे शकुंतला म्हणतात. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उभी केली. वऱ्हाडचा कापूस मुख्य मार्गावर न्यायचा, तिथून मुंबई, तिथून मँचेस्टर. तिचं वाफेचं इंजिनही मँचेस्टरमध्येच 1921 साली बनलेलं, आणि ते 1994 पर्यंत धावलं. माणसं त्या गाडीत बसली, पण गाडी त्यांच्यासाठी नव्हती. आजही मी पुण्याहून घरी जातो ते रात्रीच्या ट्रॅव्हल्सने, नाहीतर रेल्वेने धामणगावला उतरून. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाचा वर्धा ते कळंब हा पहिला टप्पा 2024 मध्ये सुरू झाला, तेव्हा माझी नोकरी लागून काही वर्षं झाली होती. आमच्या माणसाने घर सोडलं ते वेचणीला, ऊसतोडीला, नागपूरच्या दवाखान्याला, पंढरपूरला किंवा माझ्यासारखं नोकरीला. उगाच, बघायला म्हणून कुणी गेलं नाही. मला उगाच जायचंय. त्याचं समर्थन मी कुणाला देणं लागत नाही.

आणि उगाच जाणारे आपल्यात पूर्वीही होते. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज 1870 साली युरोपात गेले. इंग्लंड बघितलं, इंग्रजीत रोजनिशी लिहिली, परतीच्या वाटेवर फ्लोरेन्सला आजारी पडले आणि 30 नोव्हेंबरला तिथेच वारले. वय वीस. त्या काळी तिथे दहनाची पद्धत नव्हती. खास परवानगी घेऊन आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर, कॅशिने बागेच्या टोकाला, त्यांना अग्नी दिला गेला. 1874 मध्ये तिथे छत्रीखाली त्यांचा अर्धपुतळा उभा राहिला. जवळून जाणाऱ्या मोठ्या पुलाला लोक आजही 'पोंते आल इंडियानो' म्हणतात, म्हणजे भारतीयाचा पूल. कोल्हापूरच्या या तरुण राजाची छत्री फ्लोरेन्समध्ये दीडशे वर्षं उभी आहे. शहराच्या मधल्या चौकापासून ती लांब आहे, म्हणून सात दिवसांत पाच शहरांच्या एक्सेल शीटमध्ये तिला ओळ नाही.

तर मग एकच शहर. कुठलं? इथे नुसतं 'मनाला वाटेल ते' म्हणून सुटता येत नाही, कारणं द्यावी लागतात.

व्हेनिसची बाजू भक्कम आहे, आणि कापसाच्या जिल्ह्यातल्या माणसासाठी तर जास्तच. मध्ययुगात सीरिया-सायप्रसकडचा कापूस व्हेनिसच्या जहाजांतून युरोपात यायचा आणि जर्मन व्यापारी तो इथून उचलायचे. तुमच्या स्क्रीनवरची तिरकी अक्षरं, इटॅलिक, इथली. 1501 पासून आल्डस मनुटियस या मुद्रकाने त्या टाइपात हातात मावतील अशी छोटी पुस्तकं छापली. मोबाइलवर वाचणाऱ्यांचा तो पूर्वजच म्हणा. नावे-जमेची दुहेरी पद्धत समजावून सांगणारं लुका पाचोलीचं पुस्तक 1494 मध्ये इथेच छापलं गेलं. शोध लावणाऱ्याला ठरावीक वर्षं हक्क देणारा पेटंटचा कायदा या शहराने 1474 मध्ये केला. सॉफ्टवेअरवाल्याला आणखी काय पाहिजे?

तरी मी फ्लोरेन्स निवडतोय. पहिलं कारण घुमट. तिथल्या कॅथेड्रलचं काम 1296 मध्ये सुरू झालं. पुढच्या शतकात एवढ्या रुंदीचा घुमट ठरवून ठेवला की तो कसा बांधायचा हे कुणालाच ठाऊक नव्हतं. खालून लाकडाचा आधार द्यावा तर तेवढं लाकूड आणायचं कुठून? भिंती चढल्या आणि वर भोक तसंच राहिलं. 1420 मध्ये ब्रुनेलेस्की नावाच्या सोनाराचं काम शिकलेल्या माणसाने खालून आधार न देता बांधकाम सुरू केलं. दोन कवचं, एकात एक. विटांची तिरकस गुंफण, म्हणजे ओली वीट घसरणार नाही. सामान वर चढवायला बैलांनी चालणारं यंत्र, ज्यात बैल न वळवता दिशा उलटी करता यायची. 40 लाखांहून अधिक विटा, सोळा वर्षं, 1436 मध्ये घुमट पुरा. आणि या सगळ्या कामाची जबाबदारी होती लोकर-व्यापाऱ्यांच्या संघाकडे. म्हणजे धाग्याच्या पैशाने काय उभं राहू शकतं, ते तिथे दिसतं. आमच्या कापसाच्या धाग्याने जे उभं राहिलं ते मुंबईत आणि मँचेस्टरात राहिलं. हा फरक मला खाली उभं राहून, मान वर करून, बराच वेळ बघायचाय. मग 463 पायऱ्या चढायच्यात.

दुसरं कारण फिलिपो सासेत्ती. हा फ्लोरेन्सचा व्यापारी सोळाव्या शतकात कोचीन आणि गोव्याला राहिला आणि 1588 मध्ये गोव्यातच वारला. त्याने घरी लिहिलेल्या पत्रांत नोंदवलं की इथल्या संस्कृतात आणि आपल्या भाषेत काही शब्द सारखे आहेत. देव आणि दिओ. सप्त, अष्ट, नव आणि सेत्ते, ओत्तो, नोवे. भाषांच्या नात्याचं शास्त्र उभं राहायच्या दोनशे वर्षं आधी त्याच्या हे कानावर पडलं, कारण तो इथे राहिला होता. गोव्यात उतरून दुसऱ्या दिवशी जहाज पकडणाऱ्याला हे ऐकू आलं नसतं.

तिसरं कारण संगमावरची ती छत्री.

व्हेनिस राहील, आणि ते सोडल्याचं वाईट वाटेल. वाटू दे. सोयाबीनचा भाव चढला की कापूसवाल्यालाही वाटतं, पण म्हणून तो उभी कपाशी उपटत नाही.

तुम्हाला फ्लोरेन्सच निवडा असं मी सांगत नाही. तुमची कारणं व्हेनिसकडे जात असतील तर व्हेनिसला जा, आणि रात्री तिथेच झोपा. किंवा इटली सोडा. तुमच्याकडे चार दिवस असतील तर ते कळंब, टिपेश्वर, पुसद असं उरकत फिरण्याऐवजी पांढरकवड्यात चार दिवस राहा. चहाच्या टपरीवर रोज त्याच वेळी बसा. चौथ्या दिवशी कुणीतरी तुम्हाला विचारेल, "तुमी कोन गावचे हो?" मग त्यालाही त्याच्या गावाबद्दल विचारा, आणि 'अरेरे' म्हणण्याआधी तो काय सांगतो ते ऐकून घ्या.